मधला रस्ता

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडमध्ये रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. एका मोठ्या डागसमूहावर पांढरा लख्ख प्रकाश उजळला आणि पाचेक मिनिटांत विझलाही. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकमापकं बिथरली. तिथे दुर्बिणीतून मोजपट्टी वाचून आकडे हाताने वहीत उतरवायची पद्धत होती. एरवी तासाला एकदा नोंद व्हायची, पण चुंबकत्व अस्वस्थ दिसलं की ती दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनीही घेतली जाई. त्या सकाळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तास-दीड तासात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये या जुन्या वह्यांवरून शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला कळलं की इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या सौरवादळाची अशी आकड्यांतली नोंद आपल्या कुलाब्यात झाली होती.

सूर्य आणि पृथ्वी यांत १५ कोटी किलोमीटर अंतर आहे. त्याला साडेसतरा तासांनी भागलं तर सेकंदाला २,३०० किलोमीटरहून जास्त वेग निघतो. हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरीचा. सूर्यावरून निघताना वेग किती होता, वाटेत किती घटला, वादळ कुठे फुगलं, कशावर आदळलं, यातलं काहीच त्यात दिसत नाही. रेडहिलला प्रवासाचं एक टोक दिसलं आणि कुलाब्याला दुसरं. पृथ्वीवर पोहोचणारं वादळ जितकं सूर्यावर घडतं तितकंच ते मधल्या रस्त्यावर घडतं, असं माझं मत आहे. आणि या मधल्या रस्त्यावर पुण्यात मन लावून काम झालेलं आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संस्था आणि पाषाणची आयसर ही विज्ञानसंस्था एकमेकींपासून फार दूर नाहीत, आणि तिघींचाही या रस्त्याशी संबंध आहे.

आधी रस्ता कसा आहे ते पाहू. तो रिकामा नाही. धूमकेतूची एक शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का वळते, यावरून लुडविग बिअरमन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ताडलं की सूर्यातून सतत कण बाहेर पडत असले पाहिजेत. १९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी त्याचं गणित मांडलं. प्रभामंडळ, म्हणजे सूर्याभोवतीचं विरळ वातावरण, दहा लाख अंशांहून तप्त असतं. इतक्या तापमानाला ते जागेवर स्थिर राहूच शकत नाही, ते बाहेर वाहत सुटतं. निबंधाच्या दोन्ही परीक्षकांनी तो नाकारला होता. पण ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटली नव्हती, मात्र गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी निबंध छापला. संपादकाची ही सचोटी मला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने सौरवारा अखंड वाहतो हे मोजून दाखवलं.

पृथ्वीजवळ या वाऱ्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-दहा प्रोटॉन असतात, इतका तो विरळ. वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने वाऱ्याबरोबर ओढली जाणारी चुंबकीय रेषा वक्र होते आणि पृथ्वीपाशी येईतो ती सूर्य-पृथ्वी रेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करते. वेगवान झोत आणि संथ झोत सूर्याच्या वेगवेगळ्या भागांतून निघतात, पण सूर्य फिरतो म्हणून ते एकामागोमाग एकाच दिशेला येतात. बोरघाटात चढाला लागलेल्या ट्रकमागे वेगाने आलेल्या गाड्या साचत जाव्यात, तसा मागचा वेगवान वारा पुढच्या संथ वाऱ्यावर दाटतो आणि मध्ये दाबलेल्या प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचा, पट्टा तयार होतो. हा पट्टा पृथ्वीपाशी अजून कच्चा असतो. त्याच्या कडांवरची आघातलाट बहुतेक वेळा पृथ्वीची कक्षा ओलांडल्यावर, मंगळाच्याही पुढे, पूर्ण तयार होते. म्हणजे सूर्यावर जिचा मागमूसही नव्हता अशी लाट निव्वळ प्रवासातून जन्माला येते.

मोठी वादळं मात्र वेगळी. प्रभामंडळातला पिळलेल्या चुंबकीय रेषांचा एक जुडगा तुटून प्लाझ्मासकट बाहेर फेकला जातो. या उद्रेकाला शास्त्रज्ञ सीएमई म्हणतात. एका मोठ्या उद्रेकात शंभर कोटी टन किंवा त्याहूनही जास्त द्रव्य असतं. निघतानाचा वेग सेकंदाला शे-दोनशे किलोमीटरपासून ३,००० किलोमीटरपर्यंत असू शकतो. पृथ्वीवर पोहोचताना मात्र ही तफावत बरीच कमी झालेली असते. जोरात निघालेले उद्रेक मंदावतात आणि सावकाश निघालेले वेग घेतात, सगळेच हळूहळू सौरवाऱ्याच्या वेगाकडे झुकतात. सौरवारा एकतर अडवतो किंवा बरोबर ओढून नेतो. हा अवरोध वेगांतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असं धरून अंदाज बांधले जातात. सूत्र विमानांच्या शास्त्रातून घेतलेलं आहे.

इथेच पाषाणच्या आयसरमधले प्रसाद सुब्रमण्यन अडले. हवेत अवरोध होतो कारण रेणू एकमेकांवर आदळत असतात. सौरवाऱ्यात पृथ्वीजवळ दोन प्रोटॉनांची टक्कर व्हायची तर एकेकाला सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास प्रवास करावा लागेल. ज्या वाऱ्यात टकराच होत नाहीत, त्यात चिकटपणा येतो कुठून? सुब्रमण्यन यांनी आलेहान्द्रो लारा आणि आंद्रेआ बोर्गाझी यांच्यासह २०१२ मध्ये उत्तर मांडलं. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र सतत खळबळत असतं. प्रोटॉन एकमेकांवर आदळत नसले तरी या खळबळीच्या लाटांवर विखुरतात, आणि त्या विखुरण्यातून टकरांसारखाच परिणाम साधतो. त्यातून चिकटपणा काढता येतो, चिकटपण्यातून अवरोधाचा गुणांक. तोवर हा गुणांक निरीक्षणांशी जुळेल असा बेतून घेतला जायचा. त्याला भौतिकीचा पाया देण्याचा हा प्रयत्न मला या सगळ्या कामाचा कणा वाटतो.

पुढचा प्रश्न: अवरोध नेमका कुठून सुरू होतो? तोवर समज असा होता की सूर्यापासून थोडं दूर गेलं की सगळा कारभार सौरवाऱ्याच्या हाती जातो. आयसरमध्येच संशोधन करणाऱ्या निष्ठा सचदेवा आणि सुब्रमण्यन यांनी, अमेरिकेतल्या दोन सहकाऱ्यांबरोबर, नासाच्या स्टिरिओ या जुळ्या यानांनी टिपलेले आठ उद्रेक निवडले. ही यानं सूर्याकडे दोन बाजूंनी पाहत होती, त्यामुळे उद्रेकाचा आकार तिन्ही मितींत बसवता येत होता. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. सर्वांत वेगवान उद्रेकाची वाटचाल निव्वळ अवरोधाने समजावता येत होती. संथ उद्रेकांची मात्र नाही. सूर्यापासून १५ ते ५० सौर त्रिज्यांपर्यंत त्यांना दुसरंच कुठलंतरी बल चालवत होतं. एक सौर त्रिज्या म्हणजे सुमारे ७ लाख किलोमीटर आणि पृथ्वी साधारण २१५ सौर त्रिज्यांवर, म्हणजे वाटेचा जवळपास पाव हिस्सा.

ते दुसरं बल चुंबकीय पिळातलंच, लॉरेंट्झ बल. पीळ सुटू पाहतो आणि सुटता सुटता स्वतःला पुढे ढकलतो. दोन वर्षांनी याच गटाने ३८ उद्रेकांवर दोन्ही बलांची तुलना केली. सगळ्याच उद्रेकांत लॉरेंट्झ बलाचा जोर सूर्याच्या अगदी जवळ, सूर्याच्या केंद्रापासून पावणेदोन ते अडीच त्रिज्यांच्या आसपास, सर्वाधिक असतो. वेगवान उद्रेकांत साडेतीन-चार त्रिज्यांवरच अवरोधापुढे ते नगण्य होतं. संथ उद्रेकांत ते १२ ते ५० त्रिज्यांपर्यंत टिकतं. थोडक्यात, उद्रेक पृथ्वीवर कधी पोहोचणार याचं गणित सर्वांसाठी एकाच ठिकाणापासून सुरू करता येत नाही.

याच निष्कर्षाकडे दुसऱ्याच वाटेने आलेलं एक जुनं काम आहे, आणि तीही वाट पुण्याशी जोडलेली आहे. उटीजवळच्या एका डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण १९७० पासून उभी आहे. ११ अंश अक्षांशावरच्या त्या जागी उतारही साधारण ११ अंशांचाच निवडला, म्हणजे दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो आणि एकाच दिशेत फिरवून एखाद्या स्रोताचा नऊ-साडेनऊ तास पाठलाग करता येतो. २४ परवलयाकार चौकटी, त्यांवर ताणलेल्या ११०० बारीक पोलादी तारा, हाच तिचा आरसा. ती उभारणारे गोविंद स्वरूप पुढे पुण्यात आले, त्यांनी एनसीआरए घडवली आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. उटीची दुर्बीण आजही एनसीआरएच्याच अखत्यारीत आहे.

ही दुर्बीण मधला रस्ता पाहते तो थेट नाही. दूरच्या क्वेसारसारख्या बारीक रेडिओ स्रोतांकडे ती रोखलेली असते. त्यांचे तरंग पृथ्वीकडे येताना सौरवाऱ्यातल्या दाट-विरळ गाठींमधून जातात आणि स्रोत रेडिओत लुकलुकतो. कागदावर काढलं तर ती एक दातेरी रेषा असते, सेकंदाभरात वरखाली होणारी. लुकलुकण्याच्या चढउतारांवरून वाऱ्याचा वेग निघतो आणि त्याच्या तीव्रतेवरून वाऱ्यातली खळबळ. दिवसाकाठी आकाशात पसरलेले शेकडो स्रोत तपासले की कुठल्या दिशेला लुकलुकणं अचानक वाढलं ते कळतं, आणि तिथून एखादा उद्रेक जातो आहे हे समजतं. याना-बिनाशिवाय, जमिनीवर बसून. उटीचे पी. के. मनोहरन यांनी २००६ मध्ये या पद्धतीने तिसेक उद्रेकांचा सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचा वेग मांडला, तेव्हा मंदावणं दोन टप्प्यांत दिसलं. सुमारे १०० सौर त्रिज्यांपर्यंत ते अगदी कमी, त्यानंतर वेगाने. उद्रेकाच्या पोटातली चुंबकीय ऊर्जा अर्ध्या वाटेपर्यंत पुरते, असाच त्याचा अर्थ. यानांच्या छायाचित्रांतून आणि क्वेसारच्या लुकलुकण्यातून, अशा दोन अगदी वेगळ्या पुराव्यांतून ही गोष्ट पुढे यावी, याने तिच्यावरचा माझा विश्वास दुणावतो.

वेगाबरोबर अंगही बदलतं. बाहेरचा दाब घटत जातो तसा उद्रेक फुगतो. पृथ्वीपाशी त्याची जाडी सूर्य-पृथ्वी अंतराच्या पावपट होऊ शकते आणि तो पृथ्वीवरून पार व्हायला जवळपास दिवस लागतो. फुगला की थंड व्हायला हवा, आणि होतोही. त्याच्या आतले प्रोटॉन भोवतालच्या वाऱ्यापेक्षा थंड असतात, हीच तर यानांना त्याची ओळख पटण्याची एक खूण. पण साध्या प्रसरणाच्या गणिताने जितका थंड व्हावा तितका तो होत नाही. वाटेत त्याला कुठूनतरी उष्णता मिळत राहते. खळबळीतली ऊर्जा उष्णतेत मुरत असावी, हा त्यातला एक प्रमुख विचार.

आणि उद्रेक वाटेत सामानही गोळा करतो. भोवतालच्या वाऱ्यापेक्षा पुरेशा जास्त वेगाने जाणाऱ्या उद्रेकापुढे आघातलाट उभी राहते. लाट आणि उद्रेक यांच्यामध्ये दाबलेल्या, तापलेल्या, चुंबकीय दृष्ट्या अस्ताव्यस्त वाऱ्याचा पट्टा साठत जातो. हा प्लाझ्मा त्या स्फोटातला नाहीच, तो रस्त्यावरचा आहे. पण पृथ्वीला पहिला धक्का त्याचाच बसतो. कुलाब्याची ती तीव्र घसरण इतक्या थोड्या वेळात का आटोपली, तिला उद्रेक कारण होता की त्यापुढचा हा पट्टा, याची चर्चा अजून चालू आहे.

हा पट्टा विश्वकिरणांनाही अडवतो. उटीलाच टीआयएफआर या संशोधनसंस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. त्यात ५६० चौरस मीटरवर ३,७१२ लांबट गणकनळ्या मांडल्या आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणीतले जुने प्रयोग संपले तेव्हा तिथल्या नळ्या इथे आणून पुन्हा कामाला लावल्या. विश्वकिरण हवेत शिरून म्युऑन नावाचे कण तयार होतात, ते या नळ्या मोजतात. सौरवादळ येतं तेव्हा ही मोजणी काही तासांत घसरते आणि सावरायला काही दिवस लागतात. या घसरणीवरून वादळातल्या खळबळीबद्दल काय सांगता येतं, यावर सुब्रमण्यन आणि ग्रेप्सच्या मंडळींनी मिळून काम केलं आहे. २२ जून २०१५ ला मात्र उलटं झालं. एका मोठ्या उद्रेकाच्या धडकेने पृथ्वीचं चुंबकीय कवच तात्पुरतं दुबळं पडलं आणि दोनेक तास म्युऑनांची संख्या वाढली.

रस्त्यावर कधी कधी आधीचा प्रवासीही भेटतो. पहिला उद्रेक रस्ता झाडून जातो. मागून येणाऱ्याला विरळ वारा मिळतो, अवरोध घटतो. २३ जुलै २०१२ ला सूर्याच्या पलीकडच्या बाजूने निघालेला उद्रेक स्टिरिओ-ए यानावर १९ तासांच्या आत पोहोचला. काही दिवस आधी गेलेल्या उद्रेकाने वाट मोकळी केल्याचा त्यात मोठा वाटा होता. ऑगस्ट १९७२ मधला एक उद्रेक तर १४.६ तासांत पृथ्वीवर आला, त्यालाही आधीच्या उद्रेकांनी वाट करून दिली होती. त्या वादळात व्हिएतनामच्या किनाऱ्यालगत अमेरिकेने पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले.

रस्ता झाडला जातो तशी गाठही पडते. मे २०२४ मध्ये सूर्यावरच्या एकाच डागसमूहातून लागोपाठ अनेक उद्रेक निघाले. वाटेत ते एकमेकांना भिडले, काही एकत्र झाले, आणि १० मेच्या रात्री, आपल्याकडे साडेदहाच्या सुमारास, त्यांचा एकवटलेला पहिला आघात पृथ्वीवर आला. लडाखमध्ये हानले इथल्या आकाशात लाल आभा दिसली. दोन दशकांतलं ते सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ होतं. आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, तैनात आहे. त्याच्या आणि इतर यानांच्या चुंबकमापकांवरून पुढे असं दिसलं की भिडलेल्या उद्रेकांच्या पोटात चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळत होत्या. तो प्रदेश सुमारे १३ लाख किलोमीटर पसरला होता. सूर्यावरून निघालेली चुंबकीय मांडणी म्हणजे वाटेत उलगडून पुन्हा रचली गेली.

पृथ्वी ओलांडल्यावरही वादळ संपत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ च्या उद्रेकांनी मंगळाभोवती फिरणाऱ्या ओडिसी यानावरचं किरणोत्सर्ग मोजणारं उपकरणच निकामी केलं. गुरू आणि शनी यांच्या आसपासच्या यानांनाही ते जाणवले. एप्रिल २००४ च्या अखेरीस व्हॉयेजर-२ ला, सूर्य-पृथ्वी अंतराच्या ७३ पट दूर, त्या सगळ्यांची मिळून एकच एकवटलेली लाट लागली. निघताना कितीतरी वेगळे उद्रेक होते, तिथे त्यांतला एकही वेगळा ओळखता येत नव्हता.

पृथ्वीसाठी अवघड प्रश्न वेगाचा नाही, दिशेचा आहे. उद्रेकातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जुळून ऊर्जा आत ओततं. उत्तरेकडे असेल तर तितकाच जोरदार उद्रेक फारसं काही न करता निघून जातो. सूर्यावर ही दिशा ताडायची आणि वाटेत पीळ कलेल, सरकेल, दबेल, पट्ट्यात मिसळेल हे गृहीत धरायचं, असं आजचं भाकीत चालतं. आयुकात दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली घडलेली सूट ही आदित्यवरची दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्याचं अख्खं बिंब टिपते. उद्रेक जिथून सुटतो ती जमीन तिला दिसते. त्याच यानावरचं चुंबकमापक दिशा खात्रीने सांगतं, पण उद्रेक दारात आल्यावर. सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाचा वारा तिथून पृथ्वीवर यायला ५० मिनिटं घेतो, १,००० किलोमीटर वेगाचं वादळ २५. विजेच्या जाळ्याची मांडणी बदलायला किंवा उपग्रह सांभाळायला एवढाच अवधी.

म्हणून चुंबकीय क्षेत्र वाटेतच मोजायचं, असा एनसीआरएमधल्या दिव्या ओबेरॉय यांच्या गटाचा प्रयत्न आहे. उद्रेकात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगरतात आणि अतिशय क्षीण रेडिओ तरंग सोडतात. त्या तरंगांच्या वर्णपटावरून क्षेत्राची तीव्रता निघते. शेजारी धगधगणारा सूर्य रेडिओतही इतका तेजस्वी असतो की हा संकेत त्यात बुडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीच्या हजारो लहान ॲन्टेनांच्या नोंदी घेऊन पुण्यातल्या या गटाने चित्र स्वच्छ करण्याच्या नव्या रीती घडवल्या आणि सूर्यापासून काही त्रिज्यांवरचा हा क्षीण संकेत वेगळा काढून दाखवला. त्याहून दूर उद्रेक इतका विरळ होतो की हीही खूण पुसट होत जाते. तिथे दुसरा मार्ग आहे. मागच्या एखाद्या रेडिओ स्रोताचे ध्रुवीभूत तरंग उद्रेकातून आरपार आले की त्यांच्या कंपनाची दिशा किंचित फिरते. किती फिरली यावरून दृष्टिरेषेवरचं क्षेत्र आणि त्याचा रोख दोन्ही कळू शकतात. असे पुरेसे स्रोत एकाच वेळी टिपायला लागणारी संवेदनशीलता एसकेए या नव्या दुर्बिणीत असेल. तिचा कमी वारंवारितेचा भाग मर्चिसनच्याच परिसरात उभा राहतो आहे, आणि भारताच्या सहभागाची धुरा एनसीआरएकडे आहे.